म्हाताऱ्यांच्या मोडक्या घरांना नवं घर द्यायचं की शाकारणीला पैसे?

मलप्रभाकाठ:
कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्याच्या पश्चिमेला, जांबोटी-कणकुंबीच्या पट्ट्यात, पावसाच्या तोंडावर एक चक्कर मारून या. तरणी माणसं गोव्याला नाहीतर पुण्याला. घरात सत्तरी ओलांडलेले आई-बाप. मातीच्या भिंती, वर कौलं आणि कौलांवर वानरांचा धुमाकूळ. पूर्वी अक्षयतृतीया झाली की घरोघरी शाकारणी, म्हणजे पावसाआधी छप्पर नीट करून घेणं, व्हायची. आता आढ्यावर चढणारा गडीच गावात मिळत नाही. मग फुटक्या कौलांवर निळी ताडपत्री, ती उडू नये म्हणून वर जुना टायर आणि खाली माजघरात घमेलं.

माझं म्हणणं सरळ आहे. या लोकांना नवीन घर नको, डागडुजीला पैसे हवेत. पंतप्रधान आवासमध्ये (ग्रामीण) सपाटीच्या भागात १ लाख २० हजार मिळतात, तेही हप्त्याहप्त्यानं. काम दाखवा, फोटो काढा, मग पुढचा हप्ता. म्हणजे राहतं घर आधी पाडा, पदरचे घाला आणि तोवर परड्यात पत्र्याच्या खोपटात राहा. पंच्याहत्तरीच्या बाईनं गवंड्यामागं पळायचं? उलट वासे-रिपा बदलल्या, कौलं घातली आणि पावळीकडची भिंत खालून दगडानं बांधून घेतली, तर तेच घर तिच्या हयातीला पुरतं. पण नव्या घराला रोजगार हमीची ९० दिवसांची मजुरी जोडून दिली होती, शाकारणीला एका दिवसाचीही नाही.

निपाणीचा वारा:
अजिबात पटलं नाही. ६ ऑक्टोबर २०२१ ला बडाल अंकलगीत पावसानं भिजलेली भिंत कोसळून ७ माणसं गेली. बेळगाव तालुक्यातलंच गाव हे. मातीची भिंत बाहेरून गिलावा केलेली धडधाकट दिसते, आत पाणी मुरून तिचा चिखल झालेला असतो. त्यावर नवे वासे आणि नवी कौलं म्हणजे वजन आणखी वाढवणं. तुम्ही म्हणता ती डागडुजी नव्हे, रंगरंगोटी आहे.

२०१९ च्या ऑगस्टात वेदगंगा-दूधगंगेनं आमच्याकडं काय केलं ते सांगायला नको. पूर्ण पडलेल्या घराला सरकारनं ५ लाख जाहीर केले. ज्यांनी ते नीट वापरले त्यांची घरं बघायला या. जोता उंच, भिंती पक्क्या. आमच्या गल्लीतली आजी आधी नवीन घराला नावं ठेवत होती, आता जुन्या घराचं नाव काढत नाही.

मलप्रभाकाठ:
अहो, ते ५ लाख पुरानं एका रात्रीत पाडलं म्हणून मिळाले. जे घर दर पावसाळ्यात वीतभर खचतंय त्याचा पंचनामा कोण करणार? आणि पुराच्या पैशालाही कागद लागलाच की. इकडं निम्मी घरं अजून आजोबांच्या नावावर. पंचायतीतून ई-स्वत्तूचा (मालमत्तेच्या ऑनलाइन नोंदीचा) नमुना ९ आणि ११ काढायचा तर वारसा चढवा, वारसा चढवायचा तर मुंबईच्या चुलत्याची सही आणा. चुलता म्हणतो, आधी वाटणीचं बोला.

वडगावची सून:
दोघंही छपरातच अडकलात. माझ्या सासरच्या गावी संडास बांधायला १२ हजारांचं अनुदान मिळालं, परड्याच्या टोकाला बांधलाही. वर चढायला तीन उंच पायऱ्या, धरायला काही नाही, पावसात वाटेवर शेवाळ. आमच्या आत्याबाई एकदा घसरल्या, त्यानंतर त्यात जळण भरलंय. घर नवं बांधा नाहीतर जुनं राखा, संडास दाराशी हवा आणि भिंतीला धरायला पाईप हवा. त्याला काही लाख लागत नाहीत.

पुण्यातला पाहुणा:
तरणी माणसं निघून गेली म्हणताना जरा जपून. महिन्याला पैसे पाठवतो आम्ही. आईला इकडं आणली, दिवाळी संपायच्या आत परत गेली. लिफ्टमध्ये जीव घाबरतो म्हणे. मी गावी पक्कं घर बांधतो म्हटलं तर ‘मी असेपर्यंत भिंतीला हात लावायचा नाही’. आता सांगा, दोष कुणाचा?

बिनपगारी वकील:
२००७ चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा आहे. सांभाळायच्या अटीवर मुलाच्या नावे घर करून दिलं आणि त्यानं सांभाळलं नाही, तर कलम २३ खाली ते हस्तांतर रद्द होतं. अर्ज प्रांताधिकाऱ्यांकडं करायचा.

वडगावची सून:
स्वतःच्या लेकावर अर्ज करणारी म्हातारी मला एक दाखवा दादा. मुलगा कसाही असला तरी ‘कामाला सुट्टी मिळत नाही त्याला’ म्हणूनच सांगणार ती.

सीमेवरचा:
मूळ दुखणं कुणी बोलतच नाही. इथली पंच्याहत्तरीपुढची पिढी १९५६ च्या आधी मुंबई राज्यात जन्मली, मराठी शाळेत शिकली. अर्ज, नोटीस, मंजुरीचं पत्र सगळं कन्नडात. भाषिक अल्पसंख्याक १५ टक्क्यांच्या वर असतील तिथं नोटिसा त्यांच्या भाषेत द्याव्यात असं ठरलेलं आहे, पाळतं कोण? कागद वाचता येत नाही म्हणून एजंटाला पैसे द्यायचे. घर मंजूर झालेलं कळेपर्यंत मुदत संपते.

सौंदत्तीकडचा:
मी घरी कन्नड बोलतो, शिकलो बेळगावात, म्हणून इथं मराठीत लिहितोय. आमच्या अज्जीला कन्नड वाचता येत होतं, तरी घर पडायच्या बेतात होतं आणि नाव यादीत नव्हतं. ग्रामसभेत बोलणारा माणूस मागं नसला की नाव लागत नाही, भाषा कुठलीही असो. नोटीस मराठीत मिळाली पाहिजे हे मान्य. पण नोटिशीनं छप्पर गळायचं थांबत नाही हो.

निपाणीचा वारा:
मग जंगलातल्या गावांचं काय म्हणाल? भीमगड अभयारण्यातल्या तळेवाडीच्या कुटुंबांना बाहेर पडायला प्रत्येकी १५ लाख ठरले, त्यातले १० आधी. रस्ता नाही, दवाखाना नाही, तिथं शाकारणी करून काय साधणार? म्हाताऱ्या माणसांना खाली रस्त्याला आणलं हेच बरं.

मलप्रभाकाठ:
रस्त्याला आणलं, मान्य. पण पैसा हातात पडला की तो कुणाच्या खात्यात टिकतो तेही बघा. संध्या सुरक्षेच्या म्हातारपणीच्या पेन्शनचे १२०० आणि घरातल्या कर्त्या बाईला मिळणारे गृहलक्ष्मीचे २००० यावर महिन्याचे दिवस काढणाऱ्या बाईकडं एकदम लाखाची रक्कम आली, की इतके दिवस न दिसलेले भाचे-पुतणेही दारात दिसायला लागतात. मी म्हणतो पैसा नको, माणूस पाठवा. पंचायतीनं मे महिन्यात चार गडी आणि एक गवंडी ठरवावा, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांची घरं आधी घ्यावीत. घर कुणाच्या नावावर ते विचारू नये, आत राहतं कोण तेवढं बघावं.

निपाणीचा वारा:
आणि भिंत आतून कुजली आहे की नाही ते तुमचा गवंडी सांगणार? पंचायतीचा इंजिनिअर भिंत बघून लिहून देणार असेल तर मी ऐकतो. धोक्याची भिंत असेल तिथं शाकारणी नाही, सरळ नवीन घर, आणि बांधून होईपर्यंत भाड्याची खोली पंचायतीच्या खर्चानं.

मलप्रभाकाठ:
इंजिनिअरचं चालेल. भाड्याची खोली खेड्यात मिळते कुठं? शाळेची रिकामी खोली द्या म्हणा.

सौंदत्तीकडचा:
हे सगळं ग्रामसभेच्या ठरावात घाला. कन्नडात लिहून आणा म्हणतील, ते मी लिहून देतो. मसुदा पाठवा.