मदत हवी आहे: काकांमुळे गोल्फमध्ये आमचा गट रेंगाळतो, त्यांना कसं सांगू?

सातपूरकर:

नमस्कार मंडळी. इथे गोल्फ खेळणारे मोजकेच असतील, पण माझा प्रश्न निम्मा खेळाचा आणि निम्मा घरातला आहे. न खेळणाऱ्यांनीही सुचवलं तर बरं होईल.

नाशिकमध्ये गोल्फ म्हटलं की लोकांना गोल्फ क्लब मैदानच आठवतं, म्हणजे आताचं हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. तिथे रणजीचे सामने होतात, सकाळी माणसं चालायला येतात. गोल्फ फक्त नावात उरलंय. आम्ही खेळतो तो शहराबाहेरचा नऊ होलचा कोर्स. दोन फेऱ्या मारल्या की अठरा होतात. कोर्सचं नाव मुद्दाम लिहीत नाही.

दर रविवारी आम्ही चौघं असतो: मी, माझे सख्खे काका आणि काकांचे दोन जुने मित्र. काका 74 वर्षांचे आहेत. ओझरला नोकरीत असताना त्यांनी खेळायला सुरुवात केली आणि मला सोळाव्या वर्षी हातात पहिली आयर्न (लोखंडी डोक्याची गोल्फची काठी) त्यांनीच दिली. पकड कशी धरायची हे शिकवायच्या आधी बंकरमधून, म्हणजे वाळूच्या खड्ड्यातून, बाहेर पडल्यावर वाळू कशी सारखी करायची ते शिकवलं. दुसरा कुणी पट, म्हणजे बॉल होलकडे घरंगळवणारा हलका फटका, मारत असताना आपली सावली त्याच्या रेषेवर पडू द्यायची नाही, हेही त्यांचंच. या खेळातलं मला जे काही येतं ते त्यांचं आहे, म्हणूनच हा प्रश्न मला एवढा जड जातोय.

आमचा गट फार हळू खेळतो. गेल्या रविवारी 6:50 ला सुरुवात केली आणि संपलं तेव्हा 12:15 झाले होते. पुढचा गट आमच्यापेक्षा दोन होल पुढे होता, मागे मात्र तीन गट खोळंबलेले. दुसऱ्या फेरीला पहिल्या टीवर (होलचा पहिला फटका मारायची जागा) परत आलो तर तिथे नव्याने सुरू करणारेही वाट बघत होते. अशा वेळी त्या माणसांच्या नजरेला नजर देता येत नाही.

सातव्या होलवर काका ग्रीनवर (होलभोवतीची गुळगुळीत हिरवळ) वाकून बॉलने पडलेला खड्डा दुरुस्त करत होते. तेवढ्यात मागच्या गटातल्या एकाने मारलेला बॉल त्यांच्यापासून दहा-बारा पावलांवर येऊन पडला. ‘फोर’ अशी सावध करणारी हाकसुद्धा दिली नाही. मी मागे जाऊन भांडलो, शब्दाला शब्द वाढला, शेवटी कॅडींनी (बॅग उचलणारे मदतनीस) दोघांना बाजूला केलं. काका काही बोलले नाहीत. नेहमीच्याच काळजीने पट मारला आणि पुढे निघाले.

परतताना आम्ही मिसळ खायला थांबतो. त्या दिवशी काकांनी अर्धी प्लेट तशीच ठेवली आणि विचारलं, “आपण फार वेळ घेतो का रे?” मी म्हणालो, “छे, काका. त्या लोकांनाच दम नाही.”

मी खोटं बोललो, आणि तेव्हापासून ते मनातून जात नाही. त्यांना न दुखावता हे कसं सांगू? आणि खेळाचा वेग वाढवायला प्रत्यक्षात काय करता येईल?

देवळाली कॅम्प:

आधी त्या बॉलबद्दल. पुढचा गट टप्प्याबाहेर गेल्याशिवाय फटका मारायचा नाही, हा सुरक्षेचा पहिला नियम आहे आणि त्यात पुढचे हळू खेळतात ही सबब चालत नाही. गोल्फचा बॉल डोक्याला लागला तर माणूस जिवाला मुकू शकतो. भांडत बसू नका, कोर्सच्या कार्यालयात शांतपणे तारीख-वेळ लिहून द्या.

आता तुमची बाजू. तीन गट खोळंबले होते तर तुम्ही वाट का दिली नाही? मी आर्टिलरीत होतो, निवृत्त झाल्यावर इथेच राहिलो. आमच्याकडे शिकवतात ते असं: तुमच्या पुढचा एक संपूर्ण होल रिकामा असेल आणि मागचे उभे असतील, तर त्यांना पुढे जाऊ द्यायचं. सगळ्यात सोपी जागा पार-3, म्हणजे तीन फटक्यांत संपणं अपेक्षित असलेला छोटा होल. तुम्ही चौघांनी टीवरून मारून घ्यायचं, ग्रीनवर पोचून बॉलच्या जागी खुणा ठेवायच्या, बॉल उचलायचे, ग्रीनच्या बाजूला सुरक्षित जागी उभं राहायचं आणि टोपी हलवून मागच्यांना मारायला सांगायचं. ते चालत येतील तोवर तुम्ही पट संपवायचे. मग पुढच्या टीवर त्यांना आधी जाऊ द्यायचं. पाच-सहा मिनिटं जातात, पण उरलेली सकाळ सगळ्यांची चांगली जाते. पार-4 वर बॉल शोधायची वेळ आली तरी तेच. बॉल सहज सापडणार नाही असं दिसलं की लगेच मागच्यांना हात करायचा, शोधून थकल्यावर नाही.

वाट देण्यात कमीपणा नाही. आमच्या सीनियर लोकांनी आम्हा लेफ्टनंटांना वाट दिलेली मी पाहिली आहे.

ना. रोड:

मला हे पटत नाही. रविवारी माणूस मोकळं व्हायला जातो, तिथेही घड्याळ कशाला? 74 वर्षांचा माणूस अठरा होल चालतो याचं कौतुक करा. ज्यांना घाई आहे त्यांनी आठवड्यात मधल्या दिवशी यावं.

तिसरी आयर्न:

ना. रोड, कौतुक आहेच. पण एका गटाचा मोकळेपणा मागच्या बारा जणांच्या सकाळीतून वजा होतो. त्यातल्या कुणाला अकराला घरी पोचायचं असतं, कुणाच्या आईला दवाखान्यात न्यायचं असतं.

सातपूरकर, जरा हिशोब करू. चौघांचे प्रत्येकी 90 फटके धरले तर 360 होतात. नियमांत एका फटक्याला जास्तीत जास्त 40 सेकंदांची शिफारस आहे. प्रत्येकाने आपली पाळी आल्यावरच तयारी सुरू केली आणि पूर्ण 40 सेकंद घेतले, तर चालणं न धरताच 4 तास होतात. उलट प्रत्येक फटक्यामागे फक्त 15 सेकंद वाचवले तर दीड तास वाचतो. त्यामुळे काकांना भरभर चालायला मुळीच सांगू नका, 74 व्या वर्षी त्याची गरज नाही. वेळ जातो तो उभं राहण्यात. दुसरा मारत असताना आपलं अंतर बघून ठेवायचं, क्लब हातात घ्यायचा, ग्रीनवर दुसऱ्याच्या रेषेला धक्का न लावता आपली रेषा वाचून ठेवायची. बॅग ग्रीनच्या त्या बाजूला ठेवायची जिकडून पुढच्या टीकडे जायचं आहे. आणि स्कोअर ग्रीनवर उभं राहून लिहायचा नाही, पुढच्या टीवर लिहायचा.

एक सवय लावून घ्या. मागचे किती लांब आहेत हे बघून समाधान मानू नका, पुढचा गट दिसतोय का ते बघा. तुमची जागा पुढच्यांच्या मागे आहे.

गोदाकाठ:

मी खेळत नाही, पण सासरे आणि वडील दोघांनाही गाडी चालवणं बंद करायला मलाच सांगावं लागलं, म्हणून लिहिते. काकांनी स्वतः विचारलं, म्हणजे त्यांना ते जाणवलेलं आहे. तुम्ही “छे” म्हणालात आणि त्यांचा बोलायचा रस्ताच बंद केलात. आता तुम्हीच जाऊन सांगा की त्या दिवशी मी खरं बोललो नाही. चारचौघांत, कोर्सवर, मित्रांसमोर अजिबात नको. घरी, चहाच्या वेळी.

आणि “तुम्ही हळू खेळता” असं मोघम बोलू नका. त्यातून माणसाला एकच अर्थ कळतो, की आपण म्हातारे झालो. नेमकं काय केल्याने वेळ जातो ते आधी तुम्ही तरी बघितलंय का?

सातपूरकर:

गोदाकाठ, बघितलं नव्हतं. काल, बुधवारी, काकांबरोबर नऊ होल खेळलो आणि मुद्दाम लक्ष ठेवलं. काकांची चाल माझ्याएवढीच आहे. वेळ जातो तो असा.

बॉल रफमध्ये, म्हणजे कडेच्या वाढलेल्या गवतात, गेला की ते पाच मिनिटं शोधतात, घड्याळ लावून, बरोब्बर पाच. ज्याचा बॉल होलपासून सगळ्यात लांब त्याने आधी मारायचं, यात ते तसूभर ढिलाई करत नाहीत. लांबचा माणूस बंकरमधून वर यायला धडपडत असला तरी बाकीचे तिघं क्लब धरून उभे. टीवरही ज्याने मागचा होल जिंकला त्याचाच मान, तो पाणी पीत असला तरी. ग्रीनवर झेंडा काढून बाजूला ठेवल्याशिवाय कुणाला पट मारू देत नाहीत आणि लांबच्या पटला कॅडीने झेंडा धरून उभं राहायचं. प्रत्येक होलवर झेंडा काढणं, धरणं, परत लावणं चालतं. आणि बॉल होलमध्ये गेल्याशिवाय उचलायचा नाही, दहा फटके झाले तरी.

मुक्ता:

सातपूरकर, तुमची यादी वाचून मी थांबलेच. तुमचे काका बेशिस्त नाहीत, उलट कोर्सवरचा सगळ्यात शिस्तीचा माणूस तेच असतील. फक्त त्यांची शिस्त 2018 पर्यंतची आहे.

1 जानेवारी 2019 पासून गोल्फचे नियम मोठ्या प्रमाणात बदलले. बॉल शोधायला आधी पाच मिनिटं मिळायची, आता तीन मिळतात, नियम 18.2. ग्रीनवरून मारलेला पट होलमधल्या झेंड्याला लागला तर पूर्वी स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटके मोजायचा प्रकार) दोन फटक्यांचा दंड होता, म्हणून काका झेंडा काढतात. आता दंड नाही, झेंडा तसाच ठेवून मारता येतं. लांबच्याने आधी मारायचं हा क्रम कागदावर अजून आहे, पण स्ट्रोक प्लेमध्ये जो तयार आहे त्याने सुरक्षितपणे आधी मारावं असं आता नियमच सुचवतात, नियम 6.4. मॅच प्ले (एकेक होल जिंकायचा प्रकार) असेल तर क्रमाला महत्त्व आहे, कारण प्रतिस्पर्धी तो फटका रद्द करून पुन्हा मारायला लावू शकतो. पण तिथेही दोघांनी आपसांत ठरवलं तर चालतं.

बॉल हरवेल अशी शंका आली तर पुढे जायच्या आधीच प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता दुसरा बॉल, मारून घ्या, म्हणजे तीन मिनिटांनी परत टीकडे चालत यावं लागत नाही. “प्रोव्हिजनल मारतोय” असं तोंडाने सांगायचं मात्र विसरू नका, न सांगता मारलात तर तोच खेळातला बॉल ठरतो.

दहा फटक्यांसाठी उपाय म्हणजे रविवारी स्टेबलफोर्ड (प्रत्येक होलला गुण देणारा प्रकार) खेळा. त्या होलवर गुण मिळण्याची शक्यता संपली की बॉल उचलून खिशात टाकायचा, त्यात नियमभंग नाही. हँडिकॅपसाठीसुद्धा (खेळाडूच्या कुवतीचा आकडा) एका होलचा स्कोअर नेट डबल बोगीच्या (पारपेक्षा दोन जास्त, अधिक हँडिकॅपने त्या होलवर मिळणारे फटके) वर धरला जात नाही, म्हणजे पुढचे फटके मारून हाती काही लागत नाही.

नियम मानणाऱ्या माणसाला नियम दाखवा. त्यांना बदला असं म्हणावंच लागणार नाही.

देवळाली कॅम्प:

मुक्ताताई, अगदी बरोबर. आमच्या पिढीला ते पाच मिनिटांचं अंगवळणी पडलंय. मी स्वतः वर्षभर ड्रॉप (नियमाप्रमाणे बॉल हातातून खाली सोडणं) खांद्यापासून करत होतो, आता तो गुडघ्याच्या उंचीवरून करायचा असतो हे मला माझ्या कॅडीने सांगितलं.

सातपूरकर:

दोन आठवडे झाले, काय झालं ते कळवायचं राहिलं होतं.

गोदाकाठ, तुमचं ऐकून शुक्रवारी संध्याकाळी काकांकडे गेलो. आधी सांगितलं की त्या दिवशी मी खोटं बोललो, आपल्याला वेळ लागतो. ते म्हणाले, “मला माहीत होतं. तू सांगशील का ते बघत होतो.” मग मुक्ताताईंनी लिहिलेले नियम मोठ्या अक्षरात छापून नेले होते ते दिले. काकांनी चष्मा लावून दोनदा वाचले, झेंड्याच्या ओळीपाशी थांबले आणि विचारलं, “हे एवढं 2019 ला झालं? मग मला इतकी वर्षं कुणी का नाही सांगितलं?” याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. मला तीन मिनिटांचं माहीत होतं, झेंड्याचंही. त्यांना दुरुस्त करणं मला उद्धटपणाचं वाटत होतं, म्हणून दर रविवारी मीही पाच मिनिटं गवतात फिरत राहिलो.

रविवारी दुसऱ्या होलवर काकांच्या मित्राचा बॉल झुडपात गेला. काकांनीच घड्याळ बघितलं आणि तीन मिनिटांनी म्हणाले, “झाले, चला.” झेंडा मात्र त्यांना होलमध्ये बघवत नाही. जवळच्या पटला काढायचा आणि लांबच्याला राहू द्यायचा, असं आमचं ठरलं. पाचवा होल पार-3 आहे. तिथे काकांनी स्वतः टोपी हलवून मागच्यांना बोलावलं. त्या गटातला एकजण जाताना काकांच्या पाया पडायला वाकला, काकांनी त्याला मध्येच धरलं. 6:50 ला निघालो, 11:20 ला संपलं.

बॉल मारणाऱ्या माणसाबद्दल कार्यालयात लिहून दिलंय, अजून उत्तर नाही. मी त्या दिवशी वापरलेल्या शब्दांबद्दल त्याची माफी मागितली, त्याने काकांची अजून मागितलेली नाही.

एक अडचण उरली आहे. काकांचे दुसरे मित्र प्रत्येक फटक्याआधी पाच-सहा सराव स्विंग घेतात. त्यांचं माझ्याशी नातं नाही, वयाने मोठे आहेत, आणि काका म्हणतात की त्याला मी सांगणार नाही, आमची मैत्री चाळीस वर्षांची आहे. हे त्यांना कुणी सांगावं? मी, की कॅडीने? कुणाला अनुभव असेल तर लिहा.