शब्दचर्चा : 'मिल-स्पेक' म्हणजे 'लष्करी दर्जाचा'?

अर्धस्वयंचलित रायफलीच्या सुट्या भागांच्या तपासणीवरचा मजकूर मराठीत आणताना चार शब्दांशी गाडी अडली आहे. सध्या 'मिल-स्पेक'ला लष्करी दर्जाचा, 'टॉलरन्स'ला सहिष्णुता, 'हेडस्पेस'ला शीर्षपोकळी आणि 'इन्स्पेक्शन'ला निरीक्षण असं लिहिलंय. चालेल का? आणि 'अर्धस्वयंचलित' बरं की 'निमस्वयंचलित'?

---

चारही बदला. पहिल्यापासून बघू.

'लष्करी दर्जाचा' म्हटलं की वाचणाऱ्याला 'दणकट, एक नंबर' असं वाटतं. 'मिल-स्पेक' म्हणजे 'मिलिटरी स्पेसिफिकेशन', आणि स्पेसिफिकेशन म्हणजे दर्जा नव्हे, विनिर्देश. माप काय, धातू कोणता, प्रक्रिया कोणती आणि चाचण्या कोणत्या, हे सांगणारा तो कागद. एआर-१५ या अर्धस्वयंचलित रायफलीच्या घराण्यातली बफर ट्यूब घ्या, म्हणजे मागची नळी, जिच्यावर दस्ता चढतो. मिल-स्पेक ट्यूबचा बाहेरचा व्यास साधारण १.१४८ इंच, तर 'कमर्शियल' ट्यूबचा १.१६८ इंच. फरक अर्ध्या मिलिमीटरचा. पण मिल-स्पेक मापाचा दस्ता कमर्शियल ट्यूबवर चढत नाही, आणि उलट केलं तर तो खुळखुळतो. यात दर्जाचा प्रश्न कुठे आला?

दर्जाशी ज्याचा संबंध आहे ती गोष्ट जाहिरातीत बहुधा दडलेली असते. विनिर्देशातला धातू ७०७५-टी६ ॲल्युमिनियम. पण ६०६१ या दुसऱ्या ॲल्युमिनियमची ट्यूब १.१४८ मापाला कातून तिच्यावरही सर्रास 'मिल-स्पेक' लिहिलं जातं. माप जुळतं, धातू नाही. म्हणून मराठीत 'लष्करी विनिर्देशानुसार' लिहा, आणि कशाबाबतीत तेही लिहा : माप, धातू, लेप की चाचणी.

जाता जाता : 'अख्खी रायफल मिल-स्पेक' हा प्रयोग अर्धस्वयंचलित एआर-१५ला लागूच पडत नाही. ते विनिर्देश एम-१६ आणि एम-४ या लष्करी रायफलींचे आहेत. सुटा भाग त्यानुसार असू शकतो, अख्खी रायफल नाही.

---

'सहिष्णुता' माणसांसाठी राहू द्या. कारखान्यात 'टॉलरन्स' किंवा 'लिमिट' म्हणतात. मराठीच हवा असेल तर 'सहनमर्यादा'. पण खरा घोळ भाषांतराच्या आधीचा आहे. बोल्ट (काडतुसामागे चेंबर बंद करणारा सरकता भाग; चेंबर म्हणजे नळीतली काडतुसाची जागा) घट्ट बसला की लोक 'टॉलरन्स टाइट आहे' म्हणतात. त्यांना म्हणायची असते मोकळीक, म्हणजे क्लिअरन्स.

सहनमर्यादा एकाच भागाच्या मापाची असते, मोकळीक दोन भागांमधली. समजा दांडा १०.०० मिमी, भोक १०.२० मिमी, दोन्हींना ±०.०१. सहनमर्यादा अगदी कडक, तरी मोकळीक ०.१८ ते ०.२२ मिमी, म्हणजे चांगलीच सैल. हे विरोधाभासी नाही. काजळी आणि उष्णता धरून भाग हलता राहावा म्हणून मोकळीक मुद्दाम ठेवतात. कोणताही दांडा कोणत्याही भोकात बसावा म्हणून सहनमर्यादा कडक ठेवतात. मजकुरात दोन्हींना एकच शब्द वापरलात, तर तपासनीस नेमकं काय मोजतोय हे कळणार नाही.

---

'शीर्षपोकळी' तर घातक आहे, कारण हेडस्पेस ही पोकळी नव्हे, लांबी आहे. खांदा असलेल्या (म्हणजे तोंडाशी अरुंद होणाऱ्या), कडा बाहेर नसलेल्या काडतुसासाठी ती बोल्टच्या तोंडापासून चेंबरच्या खांद्यावरच्या ठरलेल्या व्यासापर्यंत मोजतात. .२२३ रेमिंग्टन या काडतुसाला हा व्यास ०.३३० इंच. 'हेडस्पेस' तसाच ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे ही व्याख्या द्या.

ही लांबी तपासायला चेंबरमध्ये घालायच्या ठरल्या मापाच्या गेजांना 'गो' आणि 'नो-गो' म्हणतात. .२२३साठी नेहमीची मापं १.४६३६ आणि १.४६६६ इंच. फरक फक्त तीन हजारांश इंचाचा, म्हणजे सुमारे ०.०७६ मिमी. नव्या रायफलीत 'गो'वर बोल्ट बंद झाला पाहिजे, 'नो-गो'वर होता कामा नये. 'गो'वर बंद झाला नाही तर चेंबर आखूड, बोल्ट पुरता अडकणार नाही. 'नो-गो'वर बंद झाला तर लांबी वाढलेली. ती फारच वाढली तर बार झाल्यावर काडतुसाचं कवच ताणून बुडाजवळ फाटू शकतं.

इथे शब्दाने फसायला होतं : 'नो-गो' म्हणजे 'बाद' नव्हे. वापरलेल्या रायफलीसाठी तिसरं, आणखी लांब 'फील्ड' गेज असतं. बाद ठरवतं ते. आणि मोजताना बोल्टमधला इजेक्टर, म्हणजे रिकामं कवच बाहेर फेकणारा स्प्रिंगचा भाग, काढून ठेवायचा (कवच ओढून काढणारा एक्स्ट्रॅक्टरही काढलेला बरा). बोटाच्या हलक्या जोराने बोल्ट बंद करायचा. स्प्रिंगचा दाब असताना घेतलेलं माप खोटं.

---

आता 'इन्स्पेक्शन'. निरीक्षण म्हणजे नुसतं पाहणं. इथे 'तपासणी' हवा, आणि तो 'चाचणी'पासून वेगळा ठेवा. बऱ्याच बोल्टवर 'एचपी' (हाय प्रेशर) आणि 'एमपी' (मॅग्नेटिक पार्टिकल) अशा खुणा असतात. पहिली चाचणी : जादा दाबाचं काडतूस उडवून बोल्टवर ताण देणं. दुसरी तपासणी : बोल्ट चुंबकित करून लोहकणांनी भेगा शोधणं. क्रम उलटला तर अर्थच जातो, कारण दडलेली भेग ताण दिल्यावरच उघडते. शिवाय भेग चुंबकीय रेषांना आडवी असेल तरच उठून दिसते. म्हणून दोन दिशांनी चुंबकित करतात आणि शेवटी चुंबकत्व उतरवतात. ते राहिलं तर धातूचा चुरा चिकटत राहतो.

विक्रेत्याला विचारायचा प्रश्न : प्रत्येक बोल्ट तपासला की नमुन्यातले? शितावरून भाताची परीक्षा होते, पण भात एकाच पातेल्यातला असेल तर. दोन वेगळ्या भट्ट्यांतून कडक केलेले बोल्ट एका खोक्यात मिसळले, की नमुन्याचा निकाल दुसऱ्या भट्टीबद्दल काहीच सांगत नाही. म्हणून 'लॉट'ला 'ढीग' म्हणू नका, 'घाणा' म्हणा. एका घाण्यातलं सगळं एकाच संस्कारातून गेलेलं असतं.

---

घाणा पटला! आणि गॅस-कीच्या, म्हणजे बोल्ट वाहून नेणाऱ्या भागावरच्या गॅस-नळीच्या, स्क्रूंचं 'स्टेकिंग'? 'ठोकणं' लिहिलंय.

---

'चेचणं' लिहा. ठोकून स्क्रू आत जात नाही. तो आधी ठरल्या पिळाने आवळतात, मग भोकाच्या काठाची धातू चेचून त्याच्या डोक्यावर सारतात, म्हणजे तो फिरत नाही. तपासताना नुसता ठसा पाहू नका, धातू खरंच स्क्रूच्या डोक्यात शिरली आहे का ते बघा. वरवर चेचलेला स्क्रू ढिला होतो, गॅस गळतो आणि बोल्ट पुरता मागे येत नाही.

'निम' निमसरकारीत शोभतो. इथे मात्र अर्धस्वयंचलितच. पण पहिल्यांदा येईल तिथे एक वाक्य घाला : चाप एकदा ओढला की एकच गोळी, पुढची मात्र आपोआप भरली जाते. 'अर्ध' म्हणजे नेमकं काय अर्धं, हे त्या शब्दावरून कुणालाच कळत नाही.