शब्दचर्चा : 'शिप रॉक'ला मराठीत काय म्हणावं? शिखर, सुळका की खडक?

घाटवाटी
एका दिवाळी अंकासाठी अमेरिकेतल्या ज्वालामुखीय भूरूपांवर लेख लिहितेय. न्यू मेक्सिकोच्या वायव्य कोपऱ्यात, नावाहो लोकांच्या प्रदेशात शिप रॉक आहे, तिथे गाडी अडली. 'ज्वालामुखी शिखर' लिहिलं की वाचकाच्या डोळ्यांपुढे फुजियामासारखा शंकू उभा राहणार. 'सुळका' म्हटलं तर संपादकांना लिंगाण्याचा दोर दिसतो. नुसतं 'खडक' हे एवढ्या मोठ्या धुडाला फारच किरकोळ. शिवाय ती जागा नावाहोंना 'पवित्र' आहे, हे वाक्य लिहून तीनदा खोडलं. शब्द बरोबर आहे पण बसत नाही. सुचवा.

खडकमित्र
शिखर नकोच. शिखर म्हणजे डोंगराचं टोक, आणि इथे मुळात डोंगरच नाही. सपाट ओसाड माळावर एकदम ४८० मीटर उंच उभा. माथा समुद्रसपाटीपासून २१८८ मीटरवर.
सुमारे २ कोटी ७० लाख वर्षांपूर्वी ज्वालामुखीच्या नळीत जे अडकून थिजलं, ते हे. थिजलं तेही जमिनीखाली साडेसातशे ते हजार मीटर खोलीवर. वरचं सगळं झिजून, वाहून गेलं आणि नळीतला टणक भराव उघडा पडला. त्यामुळे 'ज्वालामुखी' म्हणतानाही जपून. दिसतो तो ज्वालामुखीचा घसा. 'ग्रीवा' म्हणायची कुणाला हौस असेल तर म्हणोत बापडे.
आकारापुरता 'सुळका' चालेल. फक्त सह्याद्रीतले आपले सुळके लाव्हाच्या आडव्या थरांची झीज होऊन उरलेत, हा उभ्या नळीतला ऐवज आहे. एवढं एका वाक्यात सांगून टाका, मग शब्द बिनघोर वापरा.
आणि त्याच्या पायथ्यापासून निघणाऱ्या त्या काळ्या रांगांना 'भित्ती' लिहू नका हो. सरळ 'भिंती' लिहा. भेगांत घुसून थिजलेला शिलारस, बाजूची मऊ माती गेली, भिंत राहिली.

पश्चिमवारा
आम्ही अल्बुकर्कीकर, त्यामुळे दोन पैसे आमचेही. त्या भिंती खरंच भिंतीच आहेत. दक्षिणेकडची जवळजवळ ९ किलोमीटर लांब, जाडी मात्र मोजके मीटर. १३ नंबरचा रस्ता तिच्या खिंडारातून आरपार जातो. तिथे गाडीतून उतरून हात लावला तर दगड काळपट, चिरफळ्या उडालेला, उन्हाने तापलेला. दुरून मात्र बुरुज पडल्यावर उरलेला तट वाटतो.
नावाबद्दल. 'शिप' हे गोऱ्यांचं, १८७०च्या दशकातलं. त्याआधी १८६०मध्ये एका कॅप्टनने त्याला 'नीडल', म्हणजे सुई म्हटलं होतं. समुद्र कुठल्या कुठे, तरी जहाज चिकटलं ते चिकटलंच. नावाहो लोकांचं नाव त्से बित्आई. त्से म्हणजे खडक, बि म्हणजे त्याचे, पुढे पंख. पंख असलेला खडक. म्हणजे 'खडक' किरकोळ वाटतो तो आपल्याला. त्यांच्या भाषेत डोंगराला वेगळा शब्द आहे, ज़िल् च्या जवळपासचा, आणि इथे तो वापरलेला नाही. मी तर म्हणेन खडकच ठेवा.

घाटवाटी
'त्से' की 'चे'?

पश्चिमवारा
ध्वनी आपल्या 'घराचा'मधल्या च च्या घरातला, थोडी हवा जास्त. पण 'चे' लिहिलंत की मराठी माणूस 'घराचे'मधला च उच्चारणार. त्से बरं.

तिरकसपंत
पंखवाला पर्वत आपल्याकडेही आहे की! पर्वतांना पंख होते, इंद्राने ते छाटले, एकटा मैनाक समुद्रात लपून वाचला. 'सपक्ष' हा तयार शब्द पडलाय. 'सपक्ष शिला' करा, दिवाळी अंकाला शोभेल.

पश्चिमवारा
पंत, शोभेल, पण मैनाक तिथे नेऊ नका. त्यांची गोष्ट निराळी आहे. एका कथेत प्रचंड पक्ष्याने त्यांच्या पूर्वजांना उत्तरेकडून तिथे आणलं. दुसरीत माथ्यावर माणसं खाणारे राक्षसी पक्षी राहायचे. दैत्यांचा काळ ठरलेल्या वीराने मोठ्यांना मारलं आणि पिल्लांचं गरुड आणि घुबड करून टाकलं. मला ही पिल्लांची शिक्षा फार आवडते.

शेवंता_
'पवित्र' का बसत नाही, त्याबद्दल. आपल्याकडे डोंगर पवित्र म्हटला की वर देऊळ आलं, पायऱ्या आल्या, यात्रा आली. कळसूबाईला तर लोखंडी शिड्या लावून माणसं माथ्यावर पोचतात आणि तिच्यापुढे नारळ फोडतात. पवित्र म्हणजे चढायचं.
तिथे नेमकं उलटं. आणखी एक कथा आहे : माणसं वर राहत, शेतीला आणि पाण्याला खाली उतरत. एकदा वीज पडून वाट तुटली, बायका-मुलं वरच अडकून मेली. त्यांच्या प्रेतात्म्यांना डिवचू नये म्हणून वर जायचं नाही. १९३९मध्ये कॅलिफोर्नियाच्या सिएरा क्लबचे चौघे चढलेच, त्यात पुढे पर्यावरणवादी म्हणून गाजलेले डेव्हिड ब्राउअरही होते. खडकाला भोकं पाडून बोल्ट ठोकले. अमेरिकेतल्या प्रस्तरारोहणात असे बोल्ट पहिल्यांदा तिथेच वापरले गेले असं मानतात, त्यामुळे आरोहणाच्या इतिहासात त्या चढाईचं कोण कौतुक! १९७०मध्ये अपघात झाला आणि मग नावाहोंनी चढाईला कायमची बंदी केली. आजही आहे.
म्हणून आपल्यातला जवळचा शब्द तीर्थातला नाही, देवराईतला आहे. देवराईतली काडी उचलायची नाही, हे खेड्यात कुणाला समजवावं लागत नाही. 'देवाचा राखलेला' किंवा 'पाय ठेवायला वर्ज्य' असं काही लिहा.

खडकमित्र
'राखलेला' झकास. 'देवाचा' मात्र काढा, तिथे नेमका कोण देव हे आपण कशाला ठरवा?

शेवंता_
मान्य.

घाटवाटी
मग असं करते : "त्से बित्आई, म्हणजे पंखांचा खडक, नकाशावरचा शिप रॉक. नावाहोंनी राखलेला, चढायला वर्ज्य." पुढे 'ज्वालामुखीचा घसा' आणि 'भिंती'. सुळका एकदाच, आकार सांगताना.
आणि 'नावाहो' की 'नवाजो'?

पश्चिमवारा
ज स्पॅनिश आहे, उच्चार ह. नावाहो. ते स्वतःला दिने म्हणतात, म्हणजे माणसं, लोक. एकदा तेही येऊ दे.

तिरकसपंत
'पंखांचा खडक' ठीक. मघाशी घाईत 'पंखवाला' लिहून बसलो, तो लेखात नको. उन्हाळ्यात दारावर येणारा वाटतो.