विकीवरच्या दोन ओळी दुरुस्त करायला गेलो आणि अडकलो, तुम्ही लोक हे कसं करता?

खडूफळा

नमस्कार मंडळी. मी नाशिक जिल्ह्यात एका शाळेत शिकवतो. लॅबमध्ये अकरा जुने पीसी आहेत, विंडोज त्यांच्यावर रखडत चालायचं म्हणून दोन वर्षांपूर्वी सगळ्यांवर लिनक्स टाकलं, मशिनी पळायला लागल्या, पोरं खूश. अडलं ते मराठी टायपिंगला. त्या डिस्ट्रोचा (म्हणजे लिनक्सच्या त्या प्रकाराचा) कम्युनिटी विकी आहे, म्हणजे वापरणाऱ्यांनीच लिहायची-दुरुस्त करायची साइट, त्यात भारतीय भाषा कशा टाइप करायच्या याचं पान आहे, सर्च केलं की पहिलं तेच येतं. तिथे लिहिलंय स्किम (आपल्या लिपीत टाइप करायचं जुनं सॉफ्टवेअर) टाका, मग अमक्या फाइलमध्ये ही तीन व्हेरिएबल्स घाला, मग लॉगआउट करा. तळाशी शेवटच्या बदलाची तारीख २०११ ची. मी दोन रविवार त्यात घालवले आणि शेवटी कळलं की आता यातलं काहीच करावं लागत नाही, त्याच कामाचं नवं सॉफ्टवेअर आयबस आधीपासूनच असतं, आयबस-एम१७एन हे पॅकेज टाकायचं, कीबोर्डच्या सेटिंगमध्ये जाऊन मराठी इनस्क्रिप्ट (भारतीय लिप्यांसाठीची कीबोर्डची मांडणी) निवडायचं, झालं काम.

दुसरं म्हणजे ऱ्य कसा काढायचा हे त्या पानावर कुठेच नाही. सहावीतल्या एका मुलीने निबंधात टाइप केलं, "सह्याद्रीच्या खोल दर्या". वहीत तिने दऱ्या असं बरोबर लिहिलं होतं, पण कीबोर्डवर र, हलन्त, य असं दाबलं की र्यच उमटणार, ती तरी काय करणार. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट धरून इंग्रजी J ची कळ दाबली की खाली टिंब असलेला ऱ येतो, मग डी, मग स्लॅश, तेव्हा कुठे ऱ्य येतो. हे मला एका जुन्या डीटीपीवाल्या मित्राने फोनवर सांगितलं.

म्हटलं आपले दोन रविवार गेले ते गेले, पुढच्या मास्तरचे जाऊ नयेत, पान दुरुस्त करू. खातं काढलं, ईमेल कन्फर्म केला, आणि निरोप आला की नव्या सदस्याला मान्यता मिळेपर्यंत बदल करता येणार नाही. नऊ दिवस थांबलो. मान्यता आल्यावर रात्री दीड तास बसून जुनं काढलं, नवीन लिहिलं, क्रम लावला, सेव्ह केलं. वीस मिनिटांत सगळं परत जसं होतं तसं. कारण म्हणून एक ओळ: स्टाइल गाइड वाचा, शिवाय ते दुसरं अक्षर टायपो दिसतंय, र आधीच आहे.

स्टाइल गाइड उघडलं तर संपता संपेना. खरं सांगतो, वाईट वाटलं. मी काही जाहिरात चिकटवायला गेलो नव्हतो. माझं नक्की काय चुकलं, आणि परत प्रयत्न करू का सोडून देऊ? इथे कुणी अशा विकीवर नियमित लिहितं का?

रात्रीचा_पहारा

सर, आधी हे की सोडू नका. मी दुसऱ्या एका प्रोजेक्टच्या विकीवर बदल तपासायचं काम करतो, पाच वर्षं झाली, पगार नाही काही नाही, जेवण झालं की लॅपटॉप उघडायचा आणि दिवसभरात कोणी काय बदललं ते बघायचं. म्हणून पलीकडच्या बाजूने सांगतो.

ती मान्यतेची भानगड तुमच्यासाठी नाही लावलेली, ती स्पॅमसाठी आहे. सुरुवातीला आमचा विकी उघडा होता, कुणीही यावं लिहावं. मग बॉट यायला लागले. एका रात्रीत शंभरेक पानं तयार, सगळ्यांवर औषधांच्या आणि जुगाराच्या लिंका, कारण विकीवरून लिंक मिळाली की सर्चमध्ये साइट वर सरकते असा हिशोब. विकिपीडियाने तर २००७ च्या जानेवारीत बाहेरच्या सगळ्या लिंकांना नोफॉलो लावून टाकलं, म्हणजे सर्च इंजिनने त्या लिंका मोजायच्याच नाहीत, तरी लहान विकींवर बॉट यायचे ते येतच राहिले. आम्ही तिघं जण. रोज दोन तास फक्त कचरा उपसायचा. शेवटी कंटाळून दार लावलं. आता होतं काय की सुक्याबरोबर ओलंही जळतं, बॉटवाला दुसरीकडे जातो आणि तुमच्यासारखा माणूस मात्र नऊ दिवस ओसरीवर बसून राहतो, आणि नऊ दिवसांनी निम्म्या लोकांचा उत्साह संपलेला असतो. हे आम्हाला कळतं. उपाय सगळ्यांकडे नाही.

आर्च या लिनक्सच्या विकीने एक चांगली गंमत केलीय, खातं काढताना ते एक कमांड देतात आणि तिचं उत्तर काय येतं ते विचारतात, कमांडमध्ये पॅकमन (आर्चमध्ये सॉफ्टवेअर टाकायचं साधन) आहे म्हणजे आर्च चालवणाऱ्यालाच सहज उत्तर येणार. बॉटला नाही जमत. मला हे आवडतं, कारण यात कुणाच्या मेहेरबानीची वाट बघायला लागत नाही. पण त्यालाही एक अडचण आहेच, ज्याचं मशीन बूटच होत नाहीये आणि जो मोबाइलवरून बघतोय तो अडकला, आणि बूट न होण्याबद्दल सगळ्यात ताजी माहिती त्या क्षणी त्याच्याकडेच असते!

आता तुमचा बदल का उडाला. तुम्ही काढलं, घातलं, क्रम बदलला, सगळं एकाच सेव्हमध्ये. तपासणाऱ्याला डावीकडे लाल आणि उजवीकडे हिरवं असं अख्खं पान दिसतं, त्यात बरोबर काय नि चूक काय ते कळत नाही. उडवायला एक क्लिक लागते, समजून घ्यायला अर्धा तास. रात्री साडेअकराला, समोर अजून चाळीस बदल असताना, माणूस क्लिक करतो. मीही केलंय, आणि नंतर कळलं की तो बदल बरोबर होता, तेव्हा फार लागलं मनाला. त्या माणसाला मी नंतर लिहिलं पण तो परत आला नाही.

म्हणून असं करा. पहिल्या दिवशी एकच गोष्ट, स्किमच्या जागी आयबस, बाकी कशाला हात नाही. खाली बदलाचा सारांश लिहायची जी छोटी पट्टी असते ती रिकामी सोडू नका, तिथे लिहा की अमुक व्हर्जनवर स्वतः करून बघितलं. आर्चवाल्यांचे तीन मूळ नियम आहेत ते कुठल्याही विकीवर चालतात: सारांश नीट लिहा, गुंतागुंतीचे बदल एका दमात करू नका, आणि मोठी उलथापालथ असेल तर आधी चर्चापानावर सांगा. तुम्हाला दाखवलेलं ते लांबलचक स्टाइल गाइड वाचलं नाही तरी चालेल, एवढं पाळलं तरी नव्वद टक्के काम होतं असा माझा अनुभव.

पाऊलवाट

ऱ चा किस्सा वाचून जीव तुटला हो. तपासणारा चुकला, पण चुकला कारण त्याला मराठी येत नाही आणि त्याला विचारायला कुणी मराठी माणूस तिथे नाही. त्याला दोन र शेजारी शेजारी दिसले, एकाखाली टिंब, त्याला वाटलं बोट घसरलं. हिंदी येणाऱ्यालाही हे पटकन समजत नाही कारण हिंदीत याची गरजच पडत नाही.

तर त्याला दाखवून द्यायचं. चर्चापानावर दोन शब्द शेजारी टाका, आचार्यांना आणि आचाऱ्यांना. एक म्हणजे गुरुजींना, दुसरं म्हणजे स्वयंपाक करणाऱ्यांना, फरक फक्त या ऱ चा. युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या अक्षरांच्या क्रमांकांच्या यादीत, ऱ ला स्वतःचा वेगळा क्रमांक आहे, ०९३१, साधा र ०९३० आहे. हे लिहिलं की वाद संपतो, कारण या मंडळींना मत नको असतं, तपासता येईल असं काहीतरी हवं असतं.

आणि एक मनातलं बोलते. मी लिबरऑफिसच्या मराठी अनुवादात थोडंफार काम केलंय, तिथे वेबलेट नावाची अनुवादाची साइट आहे, एकेक वाक्य समोर येतं, आपण खाली मराठी लिहायचं, इंग्रजीत कुणाशी बोलायची वेळ जवळजवळ येत नाही. विकीवर मात्र माझं पाऊल कित्येक वर्षं अडलं ते टेक्निकल गोष्टींमुळे नाही, इंग्रजीमुळे. चर्चापानावर चार ओळी लिहायच्या तर मी तासभर खोडत बसायचे, वाटायचं हसतील. कुणी हसलं नाही कधी. जपानी लोक, ब्राझीलचे लोक आपल्याहून मोडकं लिहितात आणि त्यांचं काम होतं. सर, तुम्ही मराठीत लिहून इथे टाका, मी इंग्रजी करून देते, खाली नाव मात्र तुमचंच जाईल.

गिट_धनगर

माझं मत थोडं वेगळं. विकी हा प्रकारच आता थकलाय. बरेच जुने विकी मॉइनमॉइन नावाच्या सॉफ्टवेअरवर आहेत, त्याची १.९ ची मालिका पायथन २ या प्रोग्रॅमिंग भाषेवर चालते आणि पायथन २ चा सपोर्ट १ जानेवारी २०२० ला संपला, म्हणजे सांभाळणाऱ्याला आधी सॉफ्टवेअरच धरून ठेवावं लागतं, पानं कधी बघणार. त्यापेक्षा डॉक्युमेंटेशन गिटमध्ये (फाइलींच्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं साधन) ठेवा, बदल पुल रिक्वेस्टने, म्हणजे 'हा बदल घ्या' अशा विनंतीने पाठवा. मोझिलाच्या एमडीएनने (वेबसाइट बनवणाऱ्यांसाठीची माहितीची साइट) डिसेंबर २०२० मध्ये हेच केलं, विकी बंद करून सगळं गिटहब या गिटच्या साइटवर नेलं. तिथे तुमचा बदल असा गुपचूप उडत नाही, कुणीतरी ओळीवर बोट ठेवून सांगतं की ही बदला, मग घेतो.

पाऊलवाट

दादा, एमडीएनचं उदाहरण बरोबर आहे पण पूर्ण सांगा ना. त्या बदलात ज्या भाषांना सांभाळायला टीम नव्हती त्यांची पानं आधी गोठवली आणि नंतर काढून टाकली, मोजक्याच भाषा राहिल्या. का केलं ते समजतं, जुनी चुकीची भाषांतरं वाचून लोक फसत होते. पण एखाद-दुसरा माणूस हळूहळू पानं लिहितोय अशा भाषांसाठी ते दार बंद झालं. आणि सरांना तुम्ही फोर्क (स्वतःची प्रत काढणं), ब्रँच, रिबेस असल्या गिटच्या गोष्टी शिकवणार का दोन ओळींसाठी? तपासणाऱ्याचं काम सोपं झालं म्हणजे लिहिणाऱ्याचं सोपं झालं असं नसतं, बऱ्याचदा ओझं फक्त या खांद्यावरून त्या खांद्यावर जातं.

गिट_धनगर

हे मान्य. गिटहबवर पेन्सिलचं चिन्ह दाबून ब्राउझरमध्येच दुरुस्ती करता येते, फोर्क आपोआप होतो, पण ते चिन्ह आहे हे आधी कुणीतरी सांगायला लागतं. आणि भाषांचा मुद्दा माझ्या लक्षात नव्हता आला.

सोलापूर_टर्मिनल

मी असाच एकदा उडालो आणि सरळ स्वतःचा ब्लॉग काढला. चार वर्षं लिहिलं. मग डोमेनचे पैसे भरायचे राहिले, ब्लॉग गेला. अजून लोक जुन्या लिंका पाठवून विचारतात ते पान कुठेय म्हणून. विकीवर लिहिलं असतं तर राहिलं असतं. सर, तिथेच लिहा.

रात्रीचा_पहारा

आणखी एक राहिलं. ज्याने तुमचा बदल उडवला त्याचं नाव पानाच्या इतिहासात दिसतं, त्याच्या स्वतःच्या चर्चापानावर जाऊन साधं विचारा. भांडायला नाही, विचारायला. लोकांना वाटतं की उडवणारा म्हणजे मालक, तो काही मालक नसतो, तुमच्यासारखाच एक जण, फक्त आधी आलेला. आमच्याकडे जे नवे लोक टिकले त्यातले जवळजवळ सगळे असे आहेत की ज्यांचा पहिला बदल उडाला आणि त्यांनी येऊन विचारलं का उडाला. न विचारता गेले ते गेलेच, आणि ते का गेले हे आम्हाला कधी कळलंही नाही. आता मी उडवताना निदान दोन वाक्यं लिहितो, तुमचं म्हणणं काय बरोबर आहे ते आधी, अडचण काय ते नंतर. एका बदलामागे पाच मिनिटं जास्त जातात.

खडूफळा

सगळ्यांचे आभार, मनापासून. उशीर झाला, परीक्षा चालू होत्या.

ताईंनी इंग्रजी करून दिलेला मजकूर मी त्या गृहस्थांच्या चर्चापानावर टाकला, आचार्य आणि आचारी दोन्ही घालून, ०९३१ सकट. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. फार नीट लिहिलंय त्यांनी. म्हणाले की मला ही लिपी वाचता येत नाही, मला टायपो वाटला, चूक माझी. आणि पुढे म्हणतात की भारतीय भाषांचं ते पान बघणारं आमच्याकडे २०१४ नंतर कुणीच नाही, म्हणून जे आहे तेच ठेवायचं अशी आमची सवय झालीय. ते वाचून माझा राग कुठल्या कुठे गेला.

मग पहाराभाऊंनी सांगितलं तसं केलं. सोमवारी फक्त स्किमची ओळ बदलली, सारांशात व्हर्जन लिहिलं. राहिली. बुधवारी ती तीन व्हेरिएबल्स काढली. तीही राहिली, फक्त त्यांनी मजकूर पूर्ण पुसायच्या ऐवजी जुन्या व्हर्जनवाल्यांसाठी खाली वेगळ्या भागात हलवला, आणि ते बरोबरच आहे, आमच्यासारख्या कितीतरी लॅबमध्ये अजून जुनीच सीडी चालत असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

आता ऱ्य चा भाग राहिलाय. त्यांनी विचारलंय की शिफ्ट-जे, डी, स्लॅश हे जुन्या इनस्क्रिप्टवर आणि नव्या इनस्क्रिप्ट-२ वर दोन्हीकडे चालतं का. माझ्याकडे घरी लिनक्स नाही, सगळं लॅबमध्ये, म्हणून उद्या शाळेत जाऊन दोन मशिनींवर दोन वेगवेगळे लेआउट लावून बघणार आहे. दर्यावाल्या मुलीलाच बसवतोय एका मशिनीवर. कुणाला अजून असे शब्द सुचत असतील तर टाका, माझ्याकडे आत्तापर्यंत दऱ्या, सुऱ्या, तऱ्हा, गुऱ्हाळ, कुऱ्हाड एवढे झालेत.

पाऊलवाट

वऱ्हाड घ्या, बिऱ्हाड घ्या. आणि गुऱ्हाळ, कुऱ्हाडमध्ये पुढे य नसून ह आहे, तो वेगळा तपासा, एका जुन्या फॉन्टमध्ये मला ऱ्य नीट दिसायचा पण ऱ्ह तुटायचा. फॉन्ट कुठला लावलाय तेही लिहून ठेवा उद्या.