लग्न करा, लेकरू होऊ द्या, नाहीतर पिशवी काढा: डॉक्टरीला बाईच्या इच्छेचं एवढं काय वावडं?

सिंदफणा (माजलगाव)
आमच्या गल्लीत एका पोरीला झटके येतात, दातखिळी बसते, हातपाय ताठ. कोणी कांदा हुंगवतं, कोणी चप्पल. डॉक्टरनं तपासण्या केल्या, मेंदूत काही सापडलं नाही, तर आईला बाजूला घेऊन म्हणे हिस्टेरिया आहे, लग्न उरकून टाका, आपोआप जाईल. आता बघा, हाच सल्ला हिप्पोक्रेटिस या जुन्या वैद्याच्या नावावर असलेल्या ग्रीक ग्रंथांत आहे, सव्वादोन-अडीच हजार वर्षांपूर्वीचा. वयात आलेल्या पोरीला भास होतात, जीव द्यावासा वाटतो, उपाय काय तर लवकर लग्न, पोटुशी राहिली की बरी.
माझं म्हणणं सरळ आहे. बाईची इच्छा हा डॉक्टरीला कायम रोगच वाटत आला. 1866 मध्ये लंडनचा सर्जन आयझॅक बेकर ब्राउन यानं पुस्तकच लिहिलं, की बायांचं वेड, फेफरं, हिस्टेरिया हे सगळं हस्तमैथुनानं होतं आणि क्लिटोरिस, म्हणजे योनीच्या वरचा बाईच्या सुखाचा अवयव, कापली की बरं होतं. अमेरिकेत 1872 पासून रॉबर्ट बॅटी चांगली अंडाशयं काढत होता, पाळीच्या त्रासावर आणि नंतर नंतर तर डोक्याच्या त्रासावरही. 1905 मध्ये मनोविश्लेषणवाला डॉक्टर फ्रॉइड म्हणाला की क्लिटोरिसचं सुख म्हणजे पोरवयातलं, बाई मोठी झाली की सुख योनीत सरकलं पाहिजे. नाही सरकलं तर दोष तिचा. आणि आपल्या बीडमध्ये आजही ओपीडीत ऐकू येतं, "तीन लेकरं झाली ना, आता पिशवी ठेवून काय करायचंय?" बाईचं सगळं अंग लेकरासाठी, बाकी फालतू, हा विचार तोच.

जुना_एमबीबीएस (अंबाजोगाई)
ताई, अर्धीच गोष्ट सांगितली तुम्ही. बेकर ब्राउनला 1867 मध्ये लंडनच्या प्रसूतीतज्ज्ञांच्या सोसायटीनं हाकलून दिलं. कोणी हाकललं? डॉक्टरांनीच ना? हिस्टेरिया हे निदान अमेरिकन मानसोपचारवाल्यांनी 1980 च्या यादीतून काढलं. फ्रॉइडचं म्हणणं मास्टर्स आणि जॉन्सन या लैंगिकतेच्या अमेरिकन अभ्यासकांनी 1966 मध्ये प्रयोगशाळेत मोजमाप करून मोडीत काढलं. विज्ञान चुकतं आणि स्वतःच दुरुस्त होतं, हे समाज किंवा धर्म करतो का सांगा.
त्या पोरीचं म्हणाल तर तसले झटके खरे असतात, नाटक नसतं. मेंदूच्या आलेखात काही दिसत नाही एवढंच. उपचार समुपदेशनाचा. लग्नाचा सल्ला देणारा डॉक्टर चूक आहे, पण म्हणून सगळी डॉक्टरी तशी म्हणू नका.

सिंदफणा
हाकललं खरं, पण कशावरून ते पण सांगा की सर. मोठा आरोप हा होता की तो बायांना आणि त्यांच्या नवऱ्यांना धड न सांगता कापत होता, धंद्याची बदनामी करत होता. नवऱ्याला विचारून कापलं असतं तर एवढा बभ्रा झाला असता का? आणि आपोआप दुरुस्त होतं म्हणता, तर ऑगस्ट 2024 मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या अभ्यासक्रमात कौमार्य आणि योनिपटलाचं "महत्त्व" परत कसं आलं? 2022 मध्ये सुप्रीम कोर्टानं बलात्कार झालेल्या बाईच्या दोन बोटांच्या योनी-चाचणीवर एवढं फटकारल्यावर! ओरड झाली तेव्हा सप्टेंबरमध्ये मागं घेतलं. आपोआप काही झालं नाही, ओरडावं लागलं.

परळी_पॅसेंजर
लई सिरियस झाले राव. मी तर वाचलेलं की त्या काळात डॉक्टर लोक हिस्टेरियाच्या बायांना क्लिनिकमध्ये मसाज करून "बरं" करायचे आणि हात दुखायला लागले म्हणून व्हायब्रेटरचा शोध लागला 😄 म्हणजे डॉक्टरी एवढी पण वाईट नव्हती.

जुना_एमबीबीएस
ही दंतकथा आहे भाऊ. 1999 च्या एका पुस्तकातून पसरली. 2018 मध्ये दोन संशोधकांनी त्या पुस्तकातले मूळ दाखले एकेक करून तपासले, डॉक्टर नेमानं असं करत होते याचा पुरावा एकातही निघाला नाही. ज्या मॉर्टिमर ग्रॅनव्हिल या इंग्रज डॉक्टरचं ते यंत्र, त्यानं ते दुखऱ्या नसांसाठी, स्नायूंसाठी आणलं, आणि 1883 मध्ये स्वतःच लिहिलं की बायांवर मी हे वापरायचं टाळतो.

गोदाकाठची_मास्तरीण (पैठण)
ती गोष्ट एवढी पसरली कारण ऐकायला मजेशीर आहे. बाईला न सांगता मजा देणारा डॉक्टर लोकांना चालतो, बाईला न सांगता कापणारा डॉक्टर कोणी फॉरवर्ड करत नाही.

वैद्यबुवा_नांदेड
हे सगळं गोऱ्यांचं पाप आपल्या माथी कशाला मारायलेत? आपल्याकडं कामाला पुरुषार्थ मानलंय. कामसूत्रात स्त्रीच्या सुखाची चर्चा आहे. चरक-सुश्रुतांनी वीस योनिव्यापदं, म्हणजे योनीचे आजार, सांगितली, त्यांवर औषधं सांगितली, तेल, पिचू (तेलात भिजवलेला बोळा), बस्ती. कापाकापी कुठंय? इंग्रज येईपर्यंत आपल्याकडं हिस्टेरिया हा शब्दच नव्हता.

गोदाकाठची_मास्तरीण
बुवा, त्या वीसमधलीच एक सांगते. सुश्रुताच्या ग्रंथातल्या उत्तरतंत्र या भागात "अत्यानंदा" नावाची व्याधी आहे. लक्षण काय, तर संभोगानं जिचं समाधान होत नाही ती. आता तुम्हीच सांगा, समाधान झालं नाही तर आजारी कोण? नवऱ्याला त्या जागी कोणतं व्यापद आहे का? तेल-पिचू तिलाच. गोऱ्यांनी कापलं, आपण तेल लावलं, एवढा फरक मी मानते, तो छोटा नाही. पण खाटेवर झोपवायचं बाईलाच, यात फरक नाही. आणि इच्छेवर उघड बोलायचं म्हणाल तर र. धों. कर्वे 1927 पासून "समाजस्वास्थ्य" मासिक काढत होते, बायांनाही लैंगिक सुखाचा हक्क आहे म्हणून लिहित होते, त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले भरले. 1934 मध्ये बाबासाहेबांनी त्यांचं वकीलपत्र घेतलं, तरी हरले. परंपरा एवढी मोकळी होती तर तेव्हा कुठं गेली होती?

वैद्यबुवा_नांदेड
एका श्लोकावरून सगळं शास्त्र तोलू नका. असो, तुमचं ठरलेलंच आहे.

कोयता_पाटोदा
मी मधी बोलतो. माझे आईबाप पंधरा-वीस हंगाम ऊस तोडायला कारखान्याला गेलेत. तुम्ही लोक लंडन, ग्रीक काय काय आणायलेत, पण पिशव्या इच्छेपायी नाही निघाल्या. मुकादमाकडून, म्हणजे मजूर नेणाऱ्या ठेकेदाराकडून, आगाऊ उचल घेतली की नवराबायको मिळून एक कोयता, एकच जोडी. बाई एक दिवस बसली की खाडा, खाड्याचा दंड मुकादम कापून घेतो. पहाटं अंधारात फडात उतरायचं, डोक्यावर मोळी घेऊन ट्रकवर चढायचं, पाळीच्या दिवसात ना पाणी ना आडोसा. अंगावरून पांढरं जायलं, ओटीपोट दुखायलं, की खासगी दवाखान्यात सोनोग्राफी करून गाठ दाखवायची आणि म्हणायचं कॅन्सर होईल. कॅन्सर म्हटलं की माणूस कर्ज काढतो. 2019 ला सरकारनंच सांगितलं, बीड जिल्ह्यात तीन वर्षांत 4,605 पिशव्या काढल्या. नंतरच्या पाहणीत 82 हजारांवर ऊसतोड बायांपैकी 13 हजारांहून जास्त बायांची पिशवी काढलेली निघाली. बाया स्वतः म्हणतात काढून टाका, झंझट नको. हा मजुरीचा प्रश्न आहे, याला सेक्सचा प्रश्न करू नका, आमच्या आयाबायांची अजून बदनामी होईल.

सिंदफणा
दादा, मजुरीचंच आहे, मान्य. पण खाडा तर पुरुषाला पण पडतो, हर्नियाला पण पडतो. पुरुषाचं काही "कामाचं नाही" म्हणून काढून टाका असं कोणता डॉक्टर म्हणतो? मुकादम आणि डॉक्टर दोघंही बाईकडं एकाच नजरेनं बघतात, काम करणारं अंग ठेवा, अडवणारं काढा.

आशा_वडवणीकडची
मी आशा आहे, गावातली सरकारी आरोग्यसेविका. दादा, बदनामीचं कळतं मला, पण ऑपरेशननंतरचं मी ऐकते, तुमच्यापर्यंत येत नसल. पंचविशी-तिशीच्या बाया. एकटी असली की बोलतात, सासू जवळ असली की नुसतं "बरंय". अंगातून वाफा निघतात, झोप नाही, कंबर धरते, आणि आवाज खाली करून सांगतात की नवऱ्याजवळ जावंच वाटत नाही, गेलं तर आग होते. नवरा म्हणतो दुसरीकडं मन गेलं का. काही घरात मारहाण होते यावरून. कार्डावर काय लिहिलेलं असतं, "तब्येत समाधानकारक". कोणाची? ऑपरेशनच्या आधी एकीला पण कोणी सांगितलेलं नसतं की पिशवीबरोबर अंडाशय पण जाणार का राहणार. म्हणून मला ताईचं पटतं. मजुरीनं ती टेबलावर गेली, पण तिच्या सुखाचं काय होईल हे विचारायचं डॉक्टरच्या डोक्यात आलंच नाही.

जुना_एमबीबीएस
आशाताई म्हणायल्यात ते अंडाशय काढल्यावर होतं, एका दिवसात म्हातारपणाची पाळी जाते तसं. अंडाशय ठेवली तर एवढा तडाखा सहसा बसत नाही. इलाज आहेत, हॉर्मोन आहेत, कोरडेपणाला मलम आहे, पण आधी काय काढलंय ते कळायला पाहिजे. आणि एक कबूल करायला हरकत नाही, आम्हाला एमबीबीएसला गर्भाशयाची सगळी ऑपरेशनं शिकवली, बाईला संबंधात त्रास होतो का हा प्रश्न कसा विचारायचा ते कोणी शिकवलं नाही. क्लिटोरिसची पूर्ण रचना कोबेल्ट नावाच्या जर्मन माणसानं 1844 मध्ये काढून दाखवली होती, ती 1998 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या हेलन ओ'कॉनेल यांना परत विच्छेदन करून दाखवावी लागली. मधले दीडशे वर्षं आम्ही काय वाचत होतो कोण जाणे. तरी याला कट म्हणणार नाही मी, आळस म्हणेन.

गोदाकाठची_मास्तरीण
दीडशे वर्षं टिकलेला आळस! पुरुषाच्या बाबतीत नाही केला बरोबर.

कोयता_पाटोदा
काय काढलंय ते कळायचं कसं? आईला फाईलच दिली नव्हती.

जुना_एमबीबीएस
लेखी अर्ज द्या, कागद 72 तासांत द्यावे लागतात, नियम आहे. काढलेल्या भागाचा तपासणी रिपोर्ट पण मागा.

कोयता_पाटोदा
तीन वर्षांच्या वरचे कागद ठेवायचं बंधन नाही म्हणतात ते. आईचं ऑपरेशन 2014 चं आहे.

आशा_वडवणीकडची
मग सरकारी दवाखान्यात सोनोग्राफी करा, अंडाशय आहेत का नाही ते बऱ्याचदा दिसतं. आणि दादा, तुम्ही बाहेर थांबा, आत बहिणीला पाठवा.