रस्ता वर गेला, घर खाली राहिलं: दारात येणारं पाणी कसं अडवू?

तळमजला_परळ: हिंदमाताजवळ जुन्या चाळीत तळमजल्यावर राहतो. आजोबा सांगायचे, पूर्वी दोन पायऱ्या चढून घरात यावं लागे. डांबरावर डांबर चढत गेलं, आता तीन पायऱ्या उतराव्या लागतात. उंबरठा रस्त्यापेक्षा दीड फूट खाली. दारापुढे मीटरभर रुंद, दीड मीटर लांब मोरीसारखी जागा, त्यात जाळीचं चेंबर, ते रस्त्याच्या गटाराला जोडलेलं. मोठी सर आली की दारात पाणी. आईला गुडघ्यांमुळे पटकन हलता येत नाही, रात्री पाऊस लागला की मला झोप येत नाही. गवंडी म्हणतो उंबऱ्यावर कट्टा घाला, प्लंबर म्हणतो मोटर बसवा. कुणाचं ऐकू?

साइटवरचा: आधी पाणी येतं कुठून ते बघा. तुमच्या दीड चौरस मीटरवर ताशी 50 मिमी पाऊस पडला तरी तासाला 75 लिटरच होतात, म्हणजे चार बादल्या. तेवढ्याने घर बुडत नाही. बाकीचं एकतर पायऱ्यांवरून येतं किंवा गटारातून उलटं. मुंबईच्या जुन्या पर्जन्यवाहिन्या ताशी 25 मिमीच्या हिशोबाने बांधलेल्या, त्यात भरती असली की पाणी समुद्रात जातच नाही. पुढच्या सरीला जाळीवर नजर ठेवा.

कुर्ल्याची_ताई: दादा, नहाणी आणि संडासही बघा हो. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिमी पडला, तेव्हा आम्ही दाराशी गोण्या रचत बसलो आणि पाणी आलं नहाणीतून. फ्रिज गेला, पिठाचे डबे गेले, सासऱ्यांची कागदपत्रं गेली. प्लग पॉइंट कमरेच्या वर घ्या, हे आधी करा.

तळमजला_परळ: काल पाहिलं. पायऱ्या नुसत्या ओल्या होत्या आणि जाळीतून काळं पाणी वर येत होतं.

साइटवरचा: मग कट्ट्याने काही होणार नाही. ती जोडणी बंद करा, चेंबरला तळापासून वॉटरप्रूफ प्लास्टर करून त्याचाच छोटा संप, म्हणजे पाणी साठवायचा खड्डा, करा. आत फ्लोटवाला सबमर्सिबल पंप, म्हणजे पाण्यात बुडून चालणारा, पाणी चढलं की आपोआप सुरू होणारा. त्याचा पाइप रस्त्याच्या पातळीच्या वर नेऊन मग गटाराकडे वळवा, नॉन-रिटर्न व्हॉल्व्हसह, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या झडपेसह. पाइप खालूनच नेला तर गटाराचं पाणी संपात परत येईल. ताईंचं खरं आहे, नहाणीच्या लाइनवरही व्हॉल्व्ह हवा. पंप इन्व्हर्टरवर ठेवा, ऐन पावसात वीज जातेच. पायरीच्या माथ्यावर सहा इंचांचा उंचवटा, तोही उताराचा, म्हणजे आईंना ठेच लागणार नाही.

तळमजला_परळ: आणि रस्ताच भरला तर? दाराला फळी लावू?

साइटवरचा: लावा. दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियमचे खाचे, रबर पट्टी, फळी वरून सरकवायची, आतून एका हाताने निघाली पाहिजे. पण दोन फुटांच्या वर नको. दोन फूट पाणी मीटरभर रुंद फळीवर जवळपास 180 किलोचा जोर लावतं, त्याच्या वर तुमच्या जुन्या भिंतीचा भरवसा नाही. पाणी फळीच्या अर्ध्यावर आलं की मेन स्विच बंद करून आईंना वरच्या मजल्यावर न्या. कुणाच्या घरी न्यायचं, ते आत्ताच बोलून ठेवा.