‘गिल्टी प्लेझर’ला काय म्हणायचं?

खारीक: एका लेखाचं भाषांतर चालू आहे. ‘डिझास्टर मूव्हीज हे माझं गिल्टी प्लेझर.’ ‘अपराधी आनंद’ संपादकांना पटत नाही. ‘डिझास्टर मूव्ही’ आणि ‘गिल्टी प्लेझर’, दोन्हींना शब्द सुचवा.

जुना खडू: चोरटं सुख.

पाणवठा: चोरट्या सुखात पकडलं जायची भीती हवी. इथे लोक राजरोस तिकीट काढून जातात, फक्त मन खातं. शहर बुडताना मजा वाटते म्हणून खातं की सिनेमा टुकार असूनही आवडतो म्हणून, ते आधी ठरवा.

रीळवाला: दुसरं. पहिल्याची काळजी दिग्दर्शकच घेतो. मरणारी गर्दी लांबून दिसते, चेहरे नसतात आणि कुत्रं हमखास वाचतं. ‘इंडिपेन्डन्स डे’त (१९९६) बोगद्यातल्या गाड्या आगीच्या लोटात उडतात, कुत्रं मात्र उडी मारून कोनाड्यात शिरतं.

जुना खडू: दुसरा शब्द ‘आपत्तीपट’. आ + पत्, अंगावर येऊन पडणं.

शुद्धमती: ‘आपत्तिपट’. समासात पूर्वपद मुळात ऱ्हस्वान्त तत्सम असेल तर ऱ्हस्वच. आणि धातू पद्. पत्‌वरून ‘आपात’ होतो, हिंदीतल्या आपातकालातला.

पाणवठा: आपत्ति म्हटलं की सरकारी व्यवस्थापन कक्ष डोळ्यांसमोर येतो. प्रलयपट म्हणा.

शुद्धमती: प्रलयात सगळंच लय पावतं. ‘टॉवरिंग इन्फर्नो’त (१९७४) जळते एकच इमारत.

पाणवठा: १३८ मजली आहे हो ती! बरं, अरिष्टपट?

जुना खडू: लगेच दशमूलारिष्टाची बाटली आठवते.

रीळवाला: नाव काहीही द्या, मजा मोडते ती पाण्यापाशी. मिनिएचर, म्हणजे चित्रणासाठी बांधलेला छोटा सेट, सोळापट लहान केलं तरी थेंब लहान होत नाहीत, म्हणून लाट बादलीतली वाटते. मग कॅमेरा जास्त वेगाने चालवून लाट पडद्यावर संथ करतात. वेगाचा हिशोब वर्गमुळाने: १६चं ४, म्हणजे २४ऐवजी सेकंदाला ९६ फ्रेम. स्फोटाला त्याहूनही जास्त लागतात, नाहीतर फटाका दिसतो. त्याच ‘इंडिपेन्डन्स डे’त रस्त्यांची मिनिएचर आडवी न ठेवता उभी केली होती, स्फोट तळाशी, कॅमेरा वर. ज्वाळा वर चढतात त्या पडद्यावर रस्त्यातून आडव्या धावत येतात. आता संगणकावर लाट हवी तेवढी उंच करता येते, पण उंची वाढवून वेग तोच ठेवला की वजनच जातं.

शुद्धमती: मिनिएचर कशाला? ‘प्रतिकृती’ आहे की.

रीळवाला: प्रतिकृती मूळ मापाचीही असते.

शुद्धमती: मग ‘लघुप्रतिकृती’.

खारीक: आणि ते गिल्टी प्लेझर?

जुना खडू: चोरटं सुख. वर दिलंय.